खानाचं काम

आमच्या वाईच्या खोऱ्यात अफजलखानाला नुसतं 'खान' म्हणतात. शाहिस्ताखान पुण्याकडचा, बहलोलखान पुस्तकातला. आमचा खान हा एकच. त्याला कारणही आहे. विजापूर दरबाराकडून तो वाई प्रांताचा सुभेदार होता आणि १६५९ सालचा पावसाळा त्यानं वाईतच काढला. महाराजांवर चालून आलेला परमुलखातला सरदार, एवढीच आमची त्याची ओळख नाही. आमच्या पूर्वजांनी त्याच्या कचेरीत सारा भरलाय, त्याच्या घोड्यांना वैरण पुरवलीय. खुशीनं कुणी पुरवली नसणार. पण दारात तळ देऊन बसलेल्या माणसाचा दरारा गावांना ठाऊक होता, आणि तो तसा ठाऊक होता म्हणूनच पुढे त्याच्या मरणाची गोष्ट साडेतीनशे वर्षं पुरली.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पावसाळा सरला, खान रडतोंडीच्या घाटानं जावळीत उतरला, कोयनेच्या खोऱ्यात पारगावाजवळ त्यानं फौज ठेवली, आणि मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेल्या शामियान्यात तो मेला. माझी आजी म्हणायची, खानाची माणसं हत्ती-घोडी घेऊन त्या घाटातनं उतरताना रडली म्हणून तो रडतोंडी. घाट त्याच्या आधीही तेवढाच अवघड असणार आणि नावही कदाचित आधीचंच असणार. पण आजीला हे कोण सांगणार? तिच्या हिशेबी खोऱ्यातली निम्मी नावं खानामुळं पडलेली होती.

वध मला इथं सांगायचा नाही. तो सांगणारे शाहीर आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. मेल्यानंतर खानाचं आमच्याकडं काय काय झालं, ते सांगायचंय.

चैत्रात गावची जत्रा. भैरोबाची पालखी फिरली की दुसऱ्या रात्री नाटक. नाटक एकच, 'अफजलखानाचा वध'. वही हातानं लिहिलेली, कुणा जुन्या मास्तरांची. तिची पानं इतक्यांदा तेलकट हातांतनं गेलेली की काही वाक्यं कागदावर उरलीच नव्हती, फक्त लोकांच्या तोंडात होती. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या, मागं सतरंजी बांधलेली, दोन अंगांना गॅसबत्त्या. महाराजांचं काम दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं. त्यासाठी भांडणं व्हायची, भावक्या रुसायच्या, एका साली पंचांनी चिठ्ठ्या टाकून निकाल लावला होता. जिवा महालाच्या कामालाही उमेदवार असत, कारण 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे वाक्य आलं की टाळ्या ठरलेल्या. खानाच्या कामासाठी मात्र कधी भांडण झालं नाही. ते तात्यांचं.

तात्या आमच्याच भावकीतले. पैलवान गडी, कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती केलेला, निदान तसं ते सांगायचे. उंची काही अफाट नव्हती, पण छाती अशी की गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या सतरंजीवर सावली पडली की पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. महाराजांची मान ते बगलेत धरायचे ती नाटकातली धरायची असते हे भान त्यांना दरवेळी राहायचंच असं नाही. एका साली महाराज झालेल्या पोराला खरोखरच घेरी आली. तेव्हा पडद्यामागून कुणी तरी ओरडलं, "तात्या, सोड! तुला मरायचंय!"

पोटाला आत धोतराची लांबलचक पट्टी गुंडाळलेली असे, कुंकवाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली. वाघनखं आमच्या लोहारानं बनवलेली, टोकं घासून बोथट केलेली. वाघनखं लागली की तात्या स्वतःच ती पट्टी ओढून बाहेर काढायचे आणि असं गुरगुरत कोसळायचे की फळ्या हादरायच्या.

खानाचे संवाद हिंदुस्थानीत. ते तात्यांना शिकवायचे मुलाणीचाचा. चाचांचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं. जत्रेतला बोकड त्यांनी सुरी फिरवल्याशिवाय चुलीवर जात नसे. त्यांना तरी कुठं विजापूरची दरबारी भाषा येत होती! घरात म्हाताऱ्या बायका बोलत ती दखनी त्यांनी तात्यांच्या तोंडी घातली, आणि तात्यांनी तिच्यात आपली माती कालवली. त्यामुळं आमचा खान "शिवाजी को पकडके लाताव, नहीं तो नाव का खान नहीं" अशा थाटात बोलायचा. खानाचा हिरवा मखमली झगा चाचांच्या लग्नातल्या शेरवानीला कळ्या जोडून शिवलेला होता. नाटक संपलं की तो त्यांच्याच ट्रंकेत जायचा.

मला सगळ्यात आठवतं ते वधानंतरचं. तात्यांची आई पडद्यामागं मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन उभी असायची. तात्या उठून मागं आले की आधी त्यांना उभं करून दृष्ट काढायची, मिरच्या निखाऱ्यावर टाकायची आणि मगच झगा उतरवू द्यायची. तिला कुणी हसलं तर म्हणायची, "पोरगं माझं देवाच्या दारात सगळ्या गावापुढं मेलंय. साऱ्यांची तळमळ त्याच्यावर गेली. मग काढायला नको?" त्यानंतर जेवणं. मेलेला खान, त्याला मारणारे मावळे, शिकवणारे चाचा, सगळे एका पंगतीला बसून रस्सा भुरकायचे.

खानाला एवढा मोठा कुणी केला, असं विचारलं तर उत्तर आहे, महाराजांच्या माणसांनीच. ह्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा मराठीत हाती असलेला सगळ्यात जुना पोवाडा. तो महाराजांच्या हयातीतला, आणि जिजाऊंच्या सांगण्यावरून रचलेला मानतात. पुढं इंग्रज अधिकारी अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, त्यात तो सगळ्यांच्या हाती आला. पोवाड्यातला खान धिप्पाड आहे, तालेवार आहे. शाहिराला हे कळतं की दुबळ्याला मारल्याचा पोवाडा होत नाही. सभासद बखर महाराजांच्या पश्चात दीड दशकानं, जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. तीही खानाबरोबरचे बारा हजार स्वार मोजून सांगते आणि हाती लागलेले ६५ हत्ती, ४,००० घोडे, १,२०० उंटही मोजून सांगते. शत्रूची मोजदाद नीट ठेवायची, ही जिंकणाऱ्याची जुनी सवय.

मग शत्रू बदलला आणि खानाला नवं काम लागलं. ग्रँट डफ हा साताऱ्यात कंपनी सरकारचा माणूस होता. त्यानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला आणि वधाला दगाबाजी म्हटलं. साताऱ्यात बसून लिहिलं, याचं आमच्याकडच्या जुन्या मास्तरांना फार लागायचं. त्याला उत्तर द्यायला शिकली-सवरलेली पिढी उभी राहीपर्यंत सत्तर वर्षं गेली. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवोत्सव झाला. प्राध्यापक भानूंनी खानाच्या वधावर व्याख्यान दिलं, अध्यक्षस्थानी टिळक होते. त्यांचं म्हणणं असं की महापुरुषाच्या अशा कृत्याचा निवाडा पीनल कोडाच्या चौकटीत बसून करायचा नसतो. १५ जूनच्या 'केसरी'त ते छापून आलं. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यात सरकारी वकिलांना जे म्हणायचं होतं ते आमच्या तात्यांनाही कळलं असतं: १८९७ चा खान विजापूरचा नव्हता, गोरा होता. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला पुन्हा मारलेलं पाहून सरकार उगीच घाबरलं नाही.

त्यानंतर साठ वर्षांनी खान पुन्हा उठला. नेहरूंनी तुरुंगातनं मुलीला लिहिलेल्या जगाच्या इतिहासाच्या पत्रांत वधाबद्दल नापसंतीचा सूर लावला होता. पुढं त्यांनी तो मजकूर बदलला, पण आमच्याकडं बदललेली आवृत्ती कुणी वाचते का? ३० नोव्हेंबर १९५७ ला ते प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळी निशाणं दाखवायचं ठरवलं. वाटेवरच्या पसरणीच्या घाटात माणसं उभी राहिली. माझे वडील त्यात होते. आईच्या छत्रीचं कापड काढून त्यांनी निशाण केलं होतं. छत्रीच्या त्या नुसत्या काड्या पुढं कित्येक वर्षं आमच्या आढ्याला लटकत होत्या. मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही खानासाठी गेला होता की मुंबईसाठी?" म्हणाले, "मुंबईसाठीच. पण मुंबई आमच्यातल्या किती जणांनी बघितली होती? खान सगळ्यांना म्हाईत."

आता ह्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट राहून जाते, आणि ती मला शिक्षक झाल्यावर, वाचायला लागल्यावर दिसली. खानाच्या फौजेत आमचीच किती माणसं होती! भोसल्यांच्या भाऊबंदकीतला मंबाजी भोसले होता, झुंजारराव घाटगे होता, जावळीच्या मोऱ्यांपैकी प्रतापराव होता. मोऱ्यांचं तर दुखणं ताजं होतं; महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ च्या जानेवारीत, खान यायच्या तीनच वर्षं आधी. आणि उतरवळीचा खंडोजी खोपडे. तो खानाला जाऊन मिळाला. खानाचा मुलगा फाजलखान कोयनेच्या कडेकडेनं निसटला तेव्हा वाट दाखवणारा तोच होता, असं जदुनाथ सरकार लिहितात. दुसरीकडं कान्होजी जेधे. त्यालाही आदिलशाही फर्मान आलं होतं. तो पाच मुलांना घेऊन महाराजांपुढं उभा राहिला आणि वतनावर पाणी सोडून मोकळा झाला. एकाच खोऱ्यातली दोन घरं, दोघांपुढं तोच कागद. एक इकडं आला, एक तिकडं गेला. पुढं खोपडे हाती लागला. कान्होजीनं रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. अलीकडं ही दोन नावं लोकांना चांगली पाठ झालीत. ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो आणि दुसऱ्याचं नाव घेतलं की खाकरतो. खोपड्याचं नाव मात्र कुणालाच सोयीचं नाही.

मला वाटायचं, खरं नाटक इथं आहे. खानाला मारायला जावं की नाही हा प्रश्न महाराजांना पडला असेल-नसेल. जेध्यांच्या आणि खोपड्यांच्या वाड्यात त्या उन्हाळ्यात रात्र-रात्र दिवा जळला असणार. म्हणून मी शाळेच्या गॅदरिंगसाठी नवी वही लिहिली. पहिला प्रवेश जेध्यांच्या घरात, दुसरा खोपड्यांच्या. पोरांनी तालमी झकास केल्या. खोपडे झालेला सातवीतला पोरगा तर सगळ्यांत उजवा, त्याला बायको म्हणते, "वतन जाऊ द्या," आणि तो म्हणतो, "तुला पोरं किती आहेत ते माहीत आहे का?" एवढ्या एका वाक्यावर बाया डोळे पुसतील असं मला वाटत होतं.

गॅदरिंगच्या चार दिवस आधी सरपंच घरी आले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग म्हणाले, "गुरुजी, नाटक ब्येस हाय. तेवढं ते खोपड्याचं काढा."

"का हो? इतिहासात आहे ते."

"आसंल की. पर आमच्या धाकल्या लेकीचं सासर त्या आडनावाचं हाय. पावणं येणारेत गॅदरिंगला."

मी म्हटलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा आजच्या माणसांना काय दोष? आणि त्या आडनावाच्या माणसांनी पुढं स्वराज्यात चाकरी केली नसेल कशावरून? सरपंच मान हलवत राहिले. त्यांची आई दारात बसून लसूण सोलत होती. नातसुनेबरोबर आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, ज्याच्या घरात आपली लेक दिली त्याचं वैर कुटवर धरायचं? लेक काय खाईल तिथं?"

खोपड्याचा प्रवेश निघाला. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

म्हातारी बोलली त्यात इतिहासाच्या पुस्तकांत न सापडणारं बरंच काही होतं. मोरे, घाटगे, खोपडे, भोसले, जेधे, बांदल ह्यांच्यात त्यानंतर शेकडो सोयरिकी झाल्या. प्रत्येक लग्नात एकेक वैर हळदीच्या पाण्याबरोबर वाहून गेलं. आता एकमेकांच्या पंगतीला बसणाऱ्यांना 'तुमचा पणजा खानाकडं होता' असं म्हणता येत नाही, आणि म्हणू नयेच. पण लढाईची आठवण तर ठेवायचीय, आठवणीला शत्रू लागतो, आणि ज्याच्या घरी आपली लेक नाही असा शत्रू शोधला तर एकटा खान उरतो. त्याचं कुणी पाहुणं गॅदरिंगला येत नाही.

त्याच्या स्वतःच्या गावातही त्याचं कुणी उरलेलं नाही. विजापूरला सहल नेली होती तेव्हा गोलघुमट बघून झाल्यावर आम्ही गावाबाहेर साठ कबर बघायला गेलो. एका ओट्यावर ओळीनं कबरी, सगळ्या सारख्या, बायकांच्या. शेतातल्या झाडाखालचा माणूस कानडी-हिंदीत सांगत होता: खानाला कुणी भाकीत केलं की तू ह्या मोहिमेतून परत येत नाहीस, मग आपल्यामागं बायका दुसऱ्याच्या घरात जाऊ नयेत म्हणून त्यानं सगळ्यांना मारून पुरलं आणि मग निघाला. दंतकथाच ती, कबरी कुणाच्या हे दगडांवर लिहिलेलं नाही. पण बघा, त्याच्या राजधानीनं त्याची आठवण कशी ठेवली ती. आम्ही त्याला आडदांड केला, त्यांनी बायका मारणारा केला. तिथंच त्यानं हयातीत स्वतःसाठी मशीद आणि मकबरा बांधायला घेतला होता. त्या मकबऱ्यात तो कधी पोचलाच नाही. रिकामी कबर विजापूरला, आणि भरलेली आमच्याकडं प्रतापगडाच्या पायथ्याला.

ही कबर महाराजांच्या हुकमानं, रीतीप्रमाणे बांधली गेली, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मुंडकं गडावर एका बुरुजाखाली पुरलं, त्या बुरुजाला जुने लोक अब्दुल्ला बुरुज म्हणत. शाळेच्या सहली आधी भवानीला जायच्या, मग पुतळ्याला, आणि उतरताना कबरीला. मास्तर तिथं उभं करून सांगायचे, "बघा, महाराजांनी शत्रूलासुद्धा जागा दिली." आम्हाला त्यात महाराजांचा मोठेपणा शिकवला जायचा, खानाचं कौतुक कुणाच्या मनातही येत नसे. आमच्या गावातल्या एक-दोघी तिथं उदबत्तीही लावायच्या, तात्यांच्या आईसारख्या, मेल्या माणसाची नजर लागू नये म्हणून.

पुढं कबरीभोवती बांधकाम वाढलं, त्यावरून आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पोलीस बसले आणि कित्येक वर्षं तिथं कुणाला जाता येईना. १० नोव्हेंबर २०२२ ला, वधाच्याच तारखेला, प्रशासनानं मोठ्या बंदोबस्तात ते अनधिकृत बांधकाम पाडलं. कबर तेवढी ठेवली. बेकायदा बांधकाम पाडायलाच हवं, त्यात माझं दुमत नाही. तारीख तीच का निवडली, एवढंच मी त्या दिवशी टीव्हीपुढं बसून म्हटलं, तर माझा नातू म्हणाला, "आजोबा, फोनवर असलं काही लिहू नका."

तो म्हणाला त्यात काळजी होती, आणि काळजीला कारण होतं. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली आणि तिचे लोट सांगली-इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत गेले. आमच्याकडं काही झालं नाही. पण त्यानंतर गावातल्या फ्लेक्सवरचा खान बदलत गेला. पोवाड्यातला तालेवार सरदार गेला. आता नुसतं फाडलेलं पोट आणि बाहेर आलेले डोळे. जत्रेतलं नाटक त्याच्या किती तरी आधी बंद पडलं होतं, ऑर्केस्ट्रा आला म्हणून. वही कुठं गेली कुणाला माहीत नाही.

परवाच्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी जिवंत देखावा करायचा ठरवला. विषय अर्थातच हाच. देवळात बैठक झाली, मला बोलावलं होतं. तात्याही आले होते. आता ऐंशीच्या पुढं, छाती आत गेलेली, काठी टेकत. मुलाणीचाचा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा नातू कोपऱ्यात बसला होता. गावातलं सगळं वायरिंग तो करतो, मंडळाचं लाइटिंगही त्याच्याकडं.

पात्रं वाटली गेली. महाराजांसाठी चार जण उभे. जिवा महाला, येसाजी कंक, संभाजी कावजी ठरले. खान कोण, म्हटल्यावर सगळे जमिनीकडं बघायला लागले. मग एक पोरगा, तोंडानं जरा सैल, कोपऱ्याकडं बघून हसत म्हणाला, "तुमचा खान तुम्हीच द्या की."

नातू काही बोलला नाही. हातातली टेस्टरची टोपी काढून त्यानं परत बसवली.

तात्या काठीवर जोर देऊन उठायला लागले. दोघांनी हात दिला. म्हणाले, "त्येचा कसा रं? खान माझा हाय. बावीस जत्रा मेलोय मी. तू मर की एकदा, मग बोल."

देऊळ गप्प झालं. तो पोरगा उठून बाहेर गेला. पण खानाचा प्रश्न तसाच राहिला. तात्यांच्या नातवाला विचारलं; तब्येतीनं आजोबांच्या वळणावर गेलेला, शिरवळच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "नको गुरुजी. व्हिडिओ फिरतो. उद्या कंपनीत सगळे खान म्हणतील, चिकटलं की निघत नाही." दुसऱ्या एकाची आई स्वतः आली सांगायला की माझ्या पोराला रोज पाच वेळा मारायचं न्हाई. मी तिला तात्यांच्या आईची, दृष्ट काढायची गोष्ट सांगितली. तिला ती ऐकून आणखीच भीती वाटली.

शेवटी खान पुठ्ठ्याचा झाला. साताऱ्याच्या डेकोरेशनवाल्याकडून नऊ फुटी आकृती आणली. आवाज कुठल्या तरी सिनेमातला, मोबाइलवरून स्पीकरला जोडलेला. पोटाला झाकण, आत मोटार. महाराजांचा हात लागला की झाकण उघडायचं आणि आत लाल दिवे लागायचे. गर्दी चिक्कार झाली. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली.

तिसऱ्या रात्री मोटार अडकली. महाराजांनी दोनदा हात मारला, तीनदा मारला, पोट काही उघडेना. पुढची पोरं हसायला लागली, मागून घोषणा सुरू झाल्या, स्पीकरवर खान आपला गडगडतच होता. चाचांचा नातू स्क्रू ड्रायव्हर घेऊन मंचाच्या मागच्या बाजूनं चढला आणि गुडघे टेकून खानाच्या पाठीत शिरला. बाहेरून त्याचे फक्त पाय दिसत होते. मी मंचाच्या कडेला उभा होतो. दहा मिनिटं घोषणा चालल्या होत्या. मग तो बाहेर आला, बाहीनं तोंड पुसलं आणि महाराजांना म्हणाला, "झालं. मारा आता."